चार मागितले, ११८ आले



नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्थानात जातो, मेणबत्त्या लावतो, आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. आज ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, अशा काही मृतांची आठवण करूया.

१९१८ सालचा ऑक्टोबर महिना. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात इन्फ्लुएन्झाची साथ शिगेला पोहोचली होती. २८ सप्टेंबर रोजी युद्धकर्जासाठी निघालेल्या मिरवणुकीला सुमारे दोन लाख लोक जमले होते. काही दिवसांतच इस्पितळे भरून गेली. १० ऑक्टोबर ह्या एकाच दिवशी साडेसातशेहून अधिक माणसे दगावली. शवपेट्या संपल्या, कबरी खणायला माणसे मिळेनात. कितीतरी घरांत मृतदेह अंथरुणावरच पडून राहिले. शेजारी शेजाऱ्याच्या दारात जाईना.

तेव्हा पोलीस खात्याकडे चार स्वयंसेवक मागण्यात आले. काम कोणते? घरात शिरून मृतदेह उचलायचे, पेटीत ठेवायचे, गाडीत चढवायचे. अनेक देह कुजू लागले होते आणि रोग संसर्गाचा होता, हे सर्वांना ठाऊक होते. चार मागितले होते, पुढे आले ११८! त्या साथीत शहरातील शेकडो पोलीस आजारी पडले, काही मरण पावले.

हे पोलीस संत होते का? नाही. तेथील पोलीस खाते त्या काळी पुढाऱ्यांच्या ताटाखालचे मांजर म्हणून बदनाम होते. पण प्रभू येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूजवळ कोण थांबला, ते आठवा. ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती, तो शोमरोनी!

त्याच शहरात आर्चबिशप डॉहर्टी ह्यांच्या हाकेला ओ देऊन दोन हजारांहून अधिक धर्मभगिनी रुग्णसेवेला गेल्या. सेमिनरीतील ब्रदरांनी हाती फावडी घेऊन कबरी खणल्या. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. तोबीताने जीव धोक्यात घालून, भरल्या ताटावरून उठून ते केले. पोलिसांनी गणवेशात तेच केले.

बंधुभगिनींनो, गोळी लागून पडणाऱ्याचा आपण पुतळा उभारतो. कर्तव्य करताना ताप घेऊन घरी आलेला आणि चार दिवसांत गेलेला माणूस मात्र 'आजाराने वारला' एवढ्यावरच संपतो. ख्रिस्तसभेची दृष्टी वेगळी आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे रोग्यांची सेवा करताना जे मरण पावले, त्यांना ती रक्तसाक्षींप्रमाणे मान देते. २८ फेब्रुवारीला त्यांचे स्मरण होते. त्यांच्यावर कोणी तलवार उगारली नव्हती. मित्रांसाठी प्राण देण्याविषयी प्रभू बोलला, तेव्हा मरण कोणत्या वाटेने यावे, ह्याची अट त्याने घातली नाही.

ही गोष्ट दूरची वाटते का? ती साथ १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत आली, तेव्हा इस्पितळात दाखल झालेल्या पहिल्या रुग्णांत सात पोलीस शिपाई होते. आणि २०२० व २०२१ साली आपण घरात सुरक्षित बसलो असताना नाक्यावर कोण उभे होते? महाराष्ट्रातील शेकडो पोलीस कोरोनाने गेले. त्यांपैकी एखाद्याचे घर कदाचित आपल्याच गल्लीत असेल. त्या घरी आपण पुन्हा कधी गेलो का?

ह्या आठवड्यात कुटुंबात रोझरी म्हणताना एक 'आमच्या स्वर्गीय बापा' अशा अनामिक मृतांसाठी म्हणूया. आणि जमल्यास त्या घराचे दार ठोठावूया.

हे प्रभो, इतरांचे मृत ज्यांनी खांद्यावर घेतले, त्यांना तू आपल्या हातांत घे. त्यांना चिरशांती लाभो. आमेन.