उक्ती आणि वक्ता

एखादे वचन कानी पडले असता ते मुळात कोणाचे, हे विचारण्याची चाल आपल्यात फारशी नाही. बोल चांगला असला म्हणजे झाले, बोलणाऱ्याचे गोत्र कशास पाहावे, असे विचारी माणसेही म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्यासारख्या गावी भजनास बसावे. एका पदाच्या अंती ‘तुका’ येतो, दुसऱ्याच्या अंती ‘तुकड्या’. आणि ऐकणारा घरी जाताना दोन्ही पदे सहज तुकोबांच्या खाती जमा करतो. वस्तुतः दोहोंत तीन शतकांचे अंतर आहे. तुकडोजी महाराज १९०९ साली यावलीस जन्मले व १९६८ साली निवर्तले. त्यांचे माणिक हे मूळ नाव पालटून ‘तुकड्या’ हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी ठेवले. याच जिल्ह्यातील चिमूर येथे १९४२ साली उठाव झाला, त्यानंतर सरकारने त्यांस तुरुंगात टाकले. अशा पुरुषाचे पद तुकोबांचे म्हणून गाइल्याने देहूचा गौरव रतिभरही वाढत नाही. मात्र ज्याने आपल्या बोलाची किंमत स्वतः मोजली, त्याचेच नाव पुसले जाते.

नामदेवांच्या गाथेत हेच झाले आहे. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले. महाभारत मराठीत आणणारा हा मोठा ग्रंथकार. परंतु ‘नामा’ ही मुद्रा दोघांचीही असल्यामुळे त्यांची कित्येक पदे नामदेवांच्या गाथेत शिरली. यात विष्णुदासांची लबाडी कोणती? पाणी उताराकडे धावते, तशी कविता थोर नावाकडे धावली, इतकेच.

‘गड आला, पण सिंह गेला’ या उद्गाराची गोष्ट किंचित निराळी आहे. तानाजी १६७० साली पडले आणि महाराजांच्या या उद्गारावरून कोंढाण्यास सिंहगड नाव मिळाले, असे आपण बाळपणापासून ऐकतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने तर हे वाक्य घरोघर नेले. पण सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रातच आढळते. एवढ्यावरून उद्गार खोटा ठरत नाही. त्याचा एक साक्षीदार मात्र गळतो.

कोणी म्हणेल की, भक्तीने आपला शब्द थोरांच्या मुखी घातला तर त्यात पाप ते काय? भक्तीबद्दल आम्हांस आदरच आहे. तथापि त्या थोर पुरुषाची संमती कोणी घेतली? न बोललेल्या शब्दाचा जामीन त्यास राहावे लागते, आणि तो तर उत्तर द्यावयास येऊ शकत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. स्वतः हजारो ओव्या रचणारा हा कवी. पण जो कोणी या ग्रंथात आपली ओवी मिसळील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असे त्यांनी बजावून ठेवले. ती ओवी सरस असली तर काय करावे, ही सवलत नाथांनी ठेविलेली नाही.