राणी मेली, म्हणजे कोण मेलं?

आजी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या घरात मुलगी झाली. "आजीच परत आली," असं बघायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. कपाळ, हनुवटी असे पुरावेही देऊन झाले. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. पुढे एका जपानी वाळवीबद्दल वाचलं आणि ते वाक्य खटकायला लागलं.

'रेटिक्युलिटर्मिस स्पेराटस' ही कुजक्या लाकडात राहणारी वाळवी. मधमाश्यांमधला नर समागमानंतर मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीसोबत वर्षानुवर्षं राहतो. एक जोडी वसाहत सुरू करते. पण जुनी वसाहत उघडून पाहिली तर बहुतेक वेळा मूळ राजा सापडतो, मूळ राणी नाही. तिच्या जागी डझनावारी दुय्यम राण्या असतात. वाटेल की या दोघांच्या मुली असणार, म्हणजे राजा स्वतःच्या मुलींपासूनच प्रजा वाढवतोय. केन्जी मात्सुउरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जनुकीय तपासणीतून वेगळंच दाखवलं: या राण्यांमध्ये राजाचा अंश जवळजवळ नसतोच. राणीने त्या नराविना, फलन न झालेल्या अंड्यांतून जन्माला घातलेल्या असतात. कामकरी आणि पंखवाली वाळवी मात्र दोघांची संतती. पुढे असंही दिसलं की राणी काही अंडी अशी घालते, ज्यांच्या कवचावर शुक्राणूंना आत शिरायला छिद्रंच नसतात.

मग राणी मेली की नाही?

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या कामात उत्तर सोपं आहे. एक सर्व्हर पडला, दुसरा उभा राहिला, वापरणाऱ्याला पत्ता लागला नाही. म्हणजे काही झालंच नाही. वसाहतीच्या बाजूनेही हेच म्हणता येईल: अंडी पडत राहिली, आईची जनुकं पुढे गेली.

पण या मुली हुबेहूब प्रती नाहीत. आईकडे जनुकांच्या दोन-दोन आवृत्त्या असतात. अशा जन्मात मुलीकडे बहुतेक ठिकाणी त्यातली एकच येते, दुप्पट होऊन. आई विभागून गेली आहे. एकेका मुलीत ती अर्धीमुर्धी आहे, सगळ्यांत मिळून जवळपास पूर्ण. तरी त्या सगळ्यांची बेरीज करूनही जी वर्षानुवर्षं अंधारात राजाशेजारी होती, ती राणी परत येत नाही. टिकलं ते तिचं काम आणि तिची जनुकं. ती मेली.

कुणी म्हणेल, घरातलं ते वाक्य सिद्धांत नव्हे, सांत्वन आहे. मान्य. पण त्या सांत्वनाची किंमत कोण देतं? मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिला गोड आवडत नाही. "आजीला तर किती आवडायचं!" म्हणत तिच्या ताटात पुरणपोळी पडतेच. आणि आजीचं दुःख आम्ही पुरतं केलंच नाही. जागा लगेच भरली ना.

वाळवीला जागा भरावीच लागते, नाहीतर वसाहत संपते. आमचं घर आजीविना संपणार नव्हतं. तिची जागा आम्ही थोडी वर्षं रिकामी ठेवू शकलो असतो. दोघींचं तेवढं देणं लागत होतं.

परवा तिनेच विचारलं, "आजी कशी होती रे, काका?" "तुझ्यासारखी" हे तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "तिला गोड फार आवडायचं. तुला नाही आवडत."