नावाची वही

नाझींच्या काळात लपवून वाचवलेल्या ज्यू मुलांचा विषय निघाला तेव्हा ओळखीच्या एक बाई सहज म्हणाल्या, "लहान होती ती, विसरली असतील. जीव वाचला, आणखी काय हवं?" ते बोलणं काही मनातून जाईना.

छळछावण्यांबद्दल वाचकांना नव्याने सांगायला नको. मी अडखळते ती एका फरकापाशी: लपणं वेगळं, लपवलं जाणं वेगळं. मोठा माणूस लपतो तेव्हा आपण कोण हे त्याला ठाऊक असतं. तीन-चार वर्षांच्या पोराला लपवलं की उसनं नाव आणि परकी प्रार्थना हेच त्याचं खरं होऊन बसतं.

शाऊल फ्रीडलेंडर १९३२ साली प्रागमध्ये जन्मला तो पावेल म्हणून. फ्रान्समध्ये तो पॉल झाला, कॅथलिक शाळेत पॉल-आन्री. आईवडील स्विस सीमेवरून परत पाठवले गेले आणि आउशवित्झमध्ये मारले गेले. इकडे मुलगा पाद्री व्हायला निघाला होता. १९४६ साली एका जेझुइट पाद्र्यानेच त्याला आउशवित्झ म्हणजे काय ते सांगितलं. पुढे तो याच संहाराचा मोठा इतिहासकार झाला.

बाईंचं म्हणणं खोडायला मी फिनाली भावंडांची गोष्ट काढली. ग्रनोबलच्या आंत्वानेत ब्रन यांनी त्या दोघा अनाथांना सांभाळलं. आत्या १९४५पासून मुलं मागत होती. ब्रननी १९४८ साली त्यांचा बाप्तिस्मा करवला. १९५३ साली मुलांना चोरून स्पेनमध्ये नेलं गेलं, आणि त्याच वर्षी ती अखेर इस्रायलला नातेवाइकांकडे पोचली. ब्रनची माया खोटी होती असं मला म्हणवत नाही. पण तिने जीव राखला आणि मुलांचं मूळ मात्र स्वतःच्या मर्जीवर ठेवलं.

इथवर आले आणि माझंच म्हणणं डळमळलं. मुलं विसरली, ही तक्रार मी कुणाकडे करते आहे? खरं नाव जिभेवर आलं तर मरण होतं. विसरणं हे त्यांच्या वाट्याचं कामच होतं. बाई तिथे बरोबर आहेत. आठवण ठेवायची ती मोठ्यांनी.

ब्रसेल्सच्या आन्द्रे ग्यूलेन या तरुण शिक्षिकेने वर्गातल्या काही मुलांच्या कपड्यांवर ज्यूंच्या खुणेचा पिवळा तारा पाहिला आणि सगळ्याच वर्गाला एप्रन घालायला लावले, म्हणजे तारा दिसू नये. पुढे ग्यूलेन स्वतःच ज्यू मुलं लपवणाऱ्या गटात सामील झाली. त्या गटाच्या वह्या वेगवेगळ्या होत्या: एकीत खरं नाव आणि क्रमांक, दुसरीत क्रमांक आणि खोटं नाव, पत्ते आणखी कुठे. एकच वही गेस्टापोच्या हाती लागली तर तिच्यातून काही कळू नये. युद्ध संपल्यावर ग्यूलेन मुलांना परत आणायला गेली. वह्या शेजारी ठेवल्या की क्रमांकावरून पोराचं खरं नाव सापडे.