दक्षिणेचा मंद वारा

वाचकहो, समजा, आपल्यापैकी दोन-तीन कुटुंबे मिळून येत्या उन्हाळ्यात ग्रीसच्या बेटांमध्ये शिडाची नौका आठवडाभर भाड्याने घेण्याचा बेत करीत आहेत. आपली मुलेबाळे आज आखातात आहेत, युरोपात आहेत, कित्येक जहाजांवर नोकरीस आहेत. तेव्हा ही कल्पना पूर्वीइतकी परकी राहिलेली नाही. अशी चैन ख्रिस्ती माणसाला शोभते का, हा प्रश्न मी येथे बाजूस ठेवतो. विश्रांतीवरील खर्चाचा हिशेब प्रत्येक घराने आपल्या विवेकापुढे मांडावा. मला अडवतो तो प्रश्न निराळा आहे. बेत आखणे म्हणजे आपण नेमके काय करतो? आणि आखलेला बेत मोडायची वेळ आली, तर ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम व्यवहार पाहू. अशा नौका बहुधा शनिवार ते शनिवार अशा दिल्या जातात, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या मूळ बंदरात परत आणाव्या लागतात. अनामत रक्कम भरलेली असते. विमानाची तिकिटे महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात. नौकेवर परवानाधारक तांडेल लागतो आणि त्याच्या जोडीला नौकानयन जाणणारा आणखी एक जण. बाकीचे सहा-सात जण केवळ प्रवासी. सुमारे चाळीस फुटी नौका बऱ्या वाऱ्यात ताशी पाच-सहा सागरी मैल जाते. अथेन्सजवळच्या लाव्रिओन बंदरातून सांतोरिनी बेट सरळ रेषेत सुमारे १०० सागरी मैल आहे. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर हे आठवड्यात सहज जमेल असे वाटते. जाताना जमतेही. अडचण असते ती परतताना.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. प्राचीन ग्रीक लोक त्याला ‘वार्षिक वारे’ म्हणत. आकाश निरभ्र असते, ढगाची रेघही दिसत नाही, आणि वारा मात्र ब्यूफर्ट मापनातील पाच ते सात अंकांपर्यंत दिवसचे दिवस टिकून राहतो. आपल्याला नवल वाटेल, पण या वाऱ्याचे आपल्याशी नाते आहे. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब अधिक असतो आणि तुर्कस्तानावर कमी. हा कमी दाब म्हणजे आपल्या मोसमी पावसाच्या कमी दाबाच्या पट्ट्याचे पश्चिमेकडे पसरलेले टोकच होय. वसई-अर्नाळ्याच्या होड्या ज्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्याच दिवसांत तिकडे मेल्तेमीचा जोर असतो. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालत नाही; तिला डावीउजवीकडे आलटूनपालटून तिरके जावे लागते. सांतोरिनीहून लाव्रिओनला परतताना वारा जवळजवळ समोरूनच येतो. त्यामुळे १०० मैलांचे १४० होतात, आणि तेही लाटा अंगावर घेत. म्हणूनच अनुभवी माणसे सांगतात, की बुधवारी परतीची दिशा धरा, दूरचे बेट सोडून द्या. नाहीतर पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रात जा, जेथे लेफ्कादा, इथाका, केफालोनिया या बेटांभोवती वारा सौम्य असतो. ग्रीसमधील भाडेकरारात सहा अंकांपेक्षा अधिक वारा असता बंदर सोडू नये, असे कलमही आढळते.

कलम आहे म्हणून मोह नाहीसा होत नाही. गुरुवारची पहाट डोळ्यांपुढे आणा. दोन दिवस बंदरात अडकून पडलेली माणसे, शनिवारचे विमान, आणि अचानक वारा पडलेला. ‘निघू या,’ असे कोणीतरी म्हणतो.

प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आपण अनेकदा वाचला असेल. धान्य वाहून नेणारे आलेक्सांद्रियाचे ते तारू क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘सुंदर बंदरे’ नावाच्या ठिकाणी येऊन थांबले. हे ठिकाण आजही त्याच अर्थाच्या ग्रीक नावाने ओळखले जाते. उपवासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे ऑक्टोबर लागला असावा. रोमन लेखक वेगेतियुस सप्टेंबरच्या मध्यापासून समुद्र धोक्याचा मानतो. पौलाने निघू नका असे सांगितले. शताधिपतीने तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे ऐकले. ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते आणि फेनिके बंदर सुमारे ४० सागरी मैलांवर होते. बहुतेकांचे मत निघण्याचे पडले. मग दक्षिणेचा मंद वारा सुटला.

येथे आपण घाई करतो. तारू फुटले, म्हणून शताधिपती चुकला, असे म्हणून मोकळे होतो. पण हा न्याय नव्हे. समजा, तो मंद वारा आणखी एक दिवस टिकला असता. तारू फेनिकेस सुखरूप पोहोचले असते, आणि पौल एक भित्रा कैदी ठरला असता. शताधिपतीचा निर्णय तोच, कारणे तीच. मग केवळ वाऱ्याच्या लहरीवर त्याचा दोष कसा ठरावा? बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वचिंतकांनी १९७६ मध्ये हा प्रश्न ‘नैतिक दैव’ या नावाने मांडला, आणि तो अद्याप सुटलेला नाही. माझे मत असे, की दोष शोधायचा तर तो फळात नव्हे, निर्णयाच्या क्षणात शोधावा.

त्या क्षणात काय दिसते? तज्ज्ञाचे ऐकणे हा दोष नव्हे. आजारी माणूस वैद्याचेच ऐकतो. पण त्या सल्ल्यात तांडेलाच्या ज्ञानाशेजारी मालकाची इच्छा उभी होती, आणि त्या दोन आवाजांतला भेद कोणी केला नाही. पौलाला त्या घाईत लाभ नव्हता. शिवाय तो समुद्राला अनोळखी नव्हता. करिंथकरांस लिहिताना त्याने आपली तारवे तीनदा फुटल्याचे आधीच नमूद केले होते. दुसरे असे, की मंद वारा सुटताच आपला हेतू साधलाच असे त्यांना वाटले, असे लूक नोंदवतो. मला या साऱ्या कथेत हे वाक्य सर्वांत गंभीर वाटते. वारा हा पुरावा होता. परंतु त्यांनी तो इच्छेच्या डोळ्यांनी वाचला. तिसरे, तारवावर २७६ जीव होते. निघावे असे म्हणणारे ‘बहुतेक’ कोण, हे लूक सांगत नाही. कैद्यांना विचारले असेल, असे मला वाटत नाही.

पुढचा प्रवास आपणास ठाऊक आहे. त्याविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या विषयाला धरून आहे. जॉर्डनहिलचा जेम्स स्मिथ हा स्कॉटिश गृहस्थ हौशी शिडनौका चालवणारा होता. त्याने १८४४-४५ चा हिवाळा माल्टात काढला, खलाशांना विचारून माहिती जमवली आणि १८४८ मध्ये पौलाच्या या जलप्रवासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ईशान्येच्या वादळात कौदा बेटापासून तसले तारू दिवसाला सुमारे ३६ मैल वाहत गेले, तर माल्टाला पोहोचण्यास १३ दिवसांहून थोडा अधिक वेळ लागेल, असा हिशेब त्याने मांडला. लूक चौदाव्या रात्रीचा उल्लेख करतो. नौकाविहाराची हौस अशी कामी आलेली पाहून मला त्या छंदाविषयी थोडा आदर वाटू लागला, हे मान्य केले पाहिजे.

कोणी म्हणेल, मग बेतच आखू नये. उद्याचे काय होईल हे आपल्याला ठाऊक नाही, असे याकोब बजावतो ना? पण याकोब बेताला दोष देत नाही. प्रभूची इच्छा असल्यास, ही अट विसरून बोलण्याला देतो. पौल स्वतः किती काटेकोर बेत आखी, हे विसाव्या अध्यायात पाहा. पेन्टेकॉस्टला यरुशलेमेत पोहोचायचे म्हणून त्याने इफिसला थांबण्याचे टाळले. त्रोवस, अस्सा, मितुलेना, खियासमोर, मग सामा, मग मिलेत. एकेक दिवसाचे एकेक ठिकाण. आजच्या नौकाविहाराचे वेळापत्रक असेच दिसते. तरीही त्रोवसात तो सात दिवस राहिला, आणि अस्सापर्यंत सोबत्यांना तारवाने पाठवून आपण पायी गेला. म्हणजे बेत त्याच्या हाती होता. तो बेताच्या हाती नव्हता.

अस्सा ते मितुलेना ही वाट थोडी थांबून पाहू या. मितुलेना म्हणजे आजच्या लेस्वोस बेटाचे मुख्य नगर. अस्साच्या समोर लेस्वोसचा उत्तर किनारा काही मैलांवर दिसतो. त्याच सामुद्रधुनीतून २०१५ मध्ये सीरिया, अफगाणिस्तान, इराक येथील पाच लाखांहून अधिक माणसे रबरी होड्यांतून त्या बेटावर उतरली, कित्येक बुडाली. ग्रीसच्या समुद्रात हौसेने जाणाऱ्याने हे पाणी कोणाकोणाचे आहे, हे जाणून निघावे. संकटात सापडलेल्यास मदत करणे हे तेथे केवळ पुण्य नाही, कायदा आहे. समुद्रावरील जीवसुरक्षेचा १९७४ चा करार आणि सागरी कायद्याच्या १९८२ च्या कराराचे ९८ वे कलम तांडेलावर हे बंधन घालतात, मात्र आपल्या नौकेला व माणसांना गंभीर धोका न होईल इतपत. आपल्या चाळीस फुटी नौकेत पन्नास माणसे घेता येणार नाहीत. पण बिनतारी यंत्राच्या सोळाव्या वाहिनीवर हाक देता येते, अचूक स्थान कळवता येते, मदत येईपर्यंत जवळ थांबता येते.

१४ जून २०२३ च्या पहाटे लिबियाहून निघालेली एक मासेमारी नौका ग्रीसच्या पिलोस किनाऱ्यापासून दूर उलटली. तिच्यावर सुमारे ७५० माणसे असावीत असा अंदाज आहे. १०४ वाचली. त्यांतल्या सुमारे शंभरांना कालामाता बंदरात आणले ते ‘मायन क्वीन’ नावाच्या एका अतिशय श्रीमंती खासगी विहारनौकेने. ती जवळून जात होती, तिला बोलावणे गेले आणि ती वळली. चैनीविषयीचा जो प्रश्न मी आरंभी बाजूस ठेवला, तो या घटनेने सुटत नाही. पण थोडा अवघड होतो खरा. यरीहोच्या वाटेवरचा शोमरोनीही कुठल्यातरी कामानेच निघाला होता. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. त्याच्या बेतात तेवढा एक दिवस निघाला.

तेव्हा वाचकहो, नकाशा उघडाल तेव्हा सातपैकी एक दिवस कोणत्याही बेटाच्या नावे लिहू नका. तो वादळाला लागेल, किंवा दुसऱ्या कोणाला. आणि पहिल्या संध्याकाळी, नौका अजून बंदरात बांधलेली असताना, सर्वांना एकत्र बसवून ठरवा, की ‘आज निघायचे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे. पैसे ज्याने सर्वांत कमी भरले त्यालाही विचारा, आणि पोहता न येणाऱ्या आजीलाही.