काचेआधी वारा

भोपाळच्या गच्चीवर आमरीसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी, हरितगृह उभं करायचं मनात आलं असेल, तर आज फूटपट्टी नको आणि दरपत्रकही नको. जिथे ते उभं राहणार, तिथे खुर्ची टाकून बसा. घरात एखादी आमरी असेल तर तिची कुंडी मांडीवर घ्या.

आधी मूळ बघा. कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबणारं, करड्या-रुपेरी रंगाचं. बोटाने त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा आणि थांबा. रुपेरी रंग विरतो, आतला हिरवा वर येतो. या मुळावर मेलेल्या पेशींचं सच्छिद्र आवरण असतं. ते पाणी चटकन पितं आणि वाऱ्यावर पुन्हा कोरडं होतं. झाडाला दोन्ही लागतं, भिजणं आणि वाळणं. मध्य भारतातली रास्ना आंब्याच्या, मोहाच्या खोडाला बिलगून वाढते. सह्याद्रीतली सीतेची वेणी फांदीवरून झुलते. मातीशी त्यांचा संबंध नाही. पानांतून गाळून आलेलं ऊन, अधूनमधून पाऊस आणि चारी बाजूंनी खेळता वारा एवढ्यावर त्यांचं चालतं. तुम्ही बांधणार ते घर त्या फांदीच्या जागी असणार आहे, हे मनात मुरू द्या.

आता काचेचा विचार येऊ द्या, कारण तो येणारच. हरितगृह म्हटलं की डोळ्यांसमोर काच येते. ती थंड देशाची गरज होती. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला, आणि त्यातून झाडं काचपेटीत घालून समुद्रापार नेण्याची रीत निघाली. १८३५ मध्ये इंग्लंडातल्या चॅट्सवर्थच्या बागेतून जॉन गिब्सन हा तरुण माळी हिंदुस्थानात आला आणि खासी टेकड्यांतून आमरी घेऊन परतला. त्या काळी इंग्लंडातले हौशी लोक या झाडांना कोंदट, अतिउष्ण काचघरांत ठेवत, आणि ती मरत. चॅट्सवर्थचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी उष्णता कमी केली, हवा आत येऊ दिली, तेव्हा ती जगू लागली. थंडीने गारठणाऱ्या इंग्लंडातही आमरीला वाऱ्याने तारलं. मग जिथे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तिथे बंद काच काय करेल? ऊन आत येईल आणि तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधत राहील.

डोळे मिटा आणि मे महिन्यातली दुपार आठवा. तीन वाजलेत, गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, पश्चिमेकडून लू येते आहे. दोरीवर एक पंचा पिळून टाकला आहे. तो किती वेळात वाळतो? वाळताना जी हवा त्यातून जाते, ती किती गार होते? वाळ्याचे पडदे आणि खिडकीतला कूलर याच जोरावर चालतात. मेच्या कोरड्या हवेत ओल्या पडद्यातून आलेला वारा दहा-बारा अंशांनी उतरू शकतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूला ओला पडदा, समोरच्या बाजूला हवा ओढणारा पंखा आणि खाली सतत भिजवलेली विटांची जमीन हवी.

आता तोच पंचा जुलैत टाका. दोन दिवस झाले तरी तो दमटच आहे. भोपाळला वर्षाकाठी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत. ओला पडदा आता निकामी. काम करतो तो फक्त पंखा. पावसाचं पाणी फॅलेनॉप्सिस या आमरीच्या पोंग्यात साचून राहिलं की गाभा सडतो. तेव्हा वर छत हवं, बाजू मात्र उघड्या. आणि छत आहेच, तर पन्हळ लावून ते पाणी टाकीत घ्या. शंभर चौरस फुटांचं छत एका पावसाळ्यात दहा हजार लिटरांच्या घरात पाणी देऊ शकतं. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरी खर चढते, त्यापुढे हे पाणी अमृत आहे.

डोळे उघडा, वर बघा. कर्कवृत्त भोपाळच्या जरा उत्तरेला, विदिशेच्या वाटेवर आहे. म्हणजे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि तुमची सावली पायाखाली येते. डिसेंबरच्या त्याच सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेच्या क्षितिजापासून जेमतेम त्रेचाळीस अंश वर असतो. तेव्हाचं ऊन छताखालून तिरकं आत येतं. शेजारची तीन मजली इमारत जूनमध्ये काही आडवं आणणार नाही, डिसेंबरमध्ये मात्र अर्धा दिवस खाऊन टाकेल. ती कुठल्या बाजूला आहे? म्हणूनच सावलीची जाळी कायमची ठोकून टाकू नये असं मला फार वाटतं. उन्हाळ्यात पंचाहत्तर टक्के सावली लागेल, ढगाळ श्रावणात तीच झाडांना उपाशी ठेवेल. जाळी छतापासून फूटभर वर, दोरीने सरकवता येईल अशी बसवा. मधल्या मोकळ्या जागेतून गरम हवा निघून जाते, आणि फेब्रुवारी-मार्चची गारपीटही आधी जाळीवर येते.

थंडीचं थोडक्यात सांगता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार रात्रींवर तर फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येतो. त्या रात्री हव्याच. जानेवारीत किमान तापमान दहाच्या आसपास आणि कधी त्याखाली उतरतं, तेव्हा संध्याकाळी प्लास्टिकचे पडदे खाली सोडा. फारच गारठा पडला तर चार कुंड्या घरात.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: या घरात राहणार कोण? डेंड्रोबियम आणि व्हँडा असतील तर वर्षाचा बराच काळ चांगल्या जाळीवर निभतं. फॅलेनॉप्सिसला छत, पडदे, पंखा सगळं लागेल. सिंबिडियमला फुलण्यासाठी डोंगरातल्या गार रात्री हव्यात. भोपाळच्या उन्हाळ्यात त्याला कोंडून ठेवणं मला क्रूर वाटतं. ते सिक्कीमला राहू द्यावं.

एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे आतली हवा. चार बाय सहाचं घर सकाळी दहालाच भट्टी होतं. आठ बाय दहाचं, उंच छताचं, माथ्याशी हवेला फट ठेवलेलं घर तापायला वेळ घेतं आणि सावरायला वेळ देतं. पैसे मोजकेच असतील तर काचेतून वाचवा, पॉलिकार्बोनेटमधून वाचवा. उंचीत आणि मोकळ्या माथ्यात कंजुषी करू नका. छताला २०० मायक्रॉनचा, ऊन सोसणारा प्लास्टिक कागद पुरतो. सांगाडा जस्ताच्या मुलाम्याच्या पाइपांचा घ्या, आणि तो गच्चीला भोकं न पाडता सिमेंटच्या जड ठोकळ्यांत उभा करा. मान्सूनपूर्व वावटळ हलकं काही शिल्लक ठेवत नाही.

हे सगळं एकदम उभं करायची गरज नाही. होळीच्या आत सांगाडा आणि जाळी होऊ द्या. ओला पडदा आणि पंखा चैत्रात, छत आणि पन्हळ मृगाआधी, बाजूचे पडदे दिवाळीनंतर. दोन झाडांनी सुरुवात करा आणि ती वर्षभर कशी राहतात ते बघून तिसरं आणा. जंगलातून उपटलेलं कुणी विकत असेल तर ते घेऊ नका. रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या.