कायदा गेला, संशय राहिला

सोलापूरच्या बाजारात मराठीत सुरू झालेली घासाघीस कानडीत रंगते, तेलुगूत भाव तुटतो आणि शेजारचा दुकानदार उर्दूत हिशेब करत असतो. या शहरात इतक्या भाषा एकत्र नांदतात, याचा आम्हा सोलापूरकरांना अभिमान आहे. पण ज्याच्याशी रोजची देवाणघेवाण आहे, त्याचं वेगळेपण पचवणं सोपं असतं. आपली परीक्षा होते ती 'सेटलमेंट'पाशी.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणातल्या वस्तीत ठेवलं गेलं; तीच ही 'सेटलमेंट'. हजेरी द्यायची आणि परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. गुन्हा कुठला? अमुक जमातीत जन्मणं, एवढाच. आणि एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारी जाहीरनाम्याला कोर्टात हरकतही घेता येत नव्हती.

पूर्वग्रह अगदी असाच चालतो. निकाल आधी लागलेला असतो, पुरावा मागून शोधला जातो. याच वस्तीतली माणसं गिरण्यांत साच्यांवर राबत होती, पण त्या घामानं त्यांच्यावरचा शिक्का पुसला नाही. कामावर जाणाऱ्या शेकडो माणसांची मोजदाद कुणी ठेवत नाही; एक पोरगा चोरीत सापडला, की सगळी जमात मोजली जाते. आपल्या जातीतला कुणी पकडला गेला, तर मात्र तो एकटाच वाईट निघतो. हा दुटप्पी हिशेब मला सर्वांत क्रूर वाटतो.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. त्या कायद्यातून सुटलेल्या या जमाती, म्हणजे विमुक्त समाज, हा दिवस आजही पाळतात. तरीही या समाजातल्या माणसांना मनमानीनं अटक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांना बजावावं लागलं. त्या संशयाला आपल्यासारख्या शेजाऱ्यांचीही साथ असतेच. भाड्यानं खोली मागायला आलेल्याचं आडनाव ऐकून 'खोली गेली' म्हणणारे आपणच असतो.

उद्या तुमच्या गल्लीत घरफोडी झाली आणि फौजदारानं 'कुणावर संशय?' असं विचारलं, तर डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच सांगा. ओठावर आलेलं एखाद्या वस्तीचं नाव उच्चारू नका.