परत आलेल्यांचं म्हणणं

१९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी झालेल्या युद्धात, लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीतून मोजकेच जवान जिवंत परतले. काही जखमी होते, काहींची बोटं हिमदंशाने काळवंडली होती. आपल्या कंपनीचं काय झालं, ते त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली, कोणी जागा सोडली नाही, जवळजवळ सगळे तिथेच पडले. हे ऐकणाऱ्यांना ते खरं वाटेना.

त्यांच्या सांगण्यात अविश्वसनीय काय होतं, हे कळायला ती जागा डोळ्यांपुढे आणायला हवी. रेझांग ला चुशूलच्या आग्नेयेला, सुमारे १६ हजार फुटांवर. चुशूलला धावपट्टी होती आणि ती हातची गेली तर लेहची वाट मोकळी होण्याची भीती होती. म्हणून १३ कुमाऊं या पलटणीची चार्ली कंपनी खिंडीवर तैनात होती. सुमारे १२० माणसं, बहुतेक सगळे आजच्या हरियाणातल्या रेवाडी, महेंद्रगड, गुडगाव भागातले अहीर, शेतकऱ्यांची मुलं. त्यांचे कमांडर मेजर शैतानसिंह जोधपूरकडचे राजपूत. कोणाच्याही गावी बर्फ पडत नाही.

नोव्हेंबरात तिथे रात्रीचा पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि वारा थांबत नाही. त्या उंचीवर चार पावलं चढलं तरी धाप लागते, डाळ शिजता शिजत नाही, गोठलेल्या जमिनीत पहार जात नाही. अंगावरचे कपडे या थंडीसाठी पुरेसे नव्हते. हातात थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा आणि पुन्हा नेम धरायचा, तोही बधिर बोटांनी. त्यात मधला डोंगर आड येत असल्यामुळे आपल्या तोफांचा मारा खिंडीपुढे पोहोचत नव्हता. म्हणजे हल्ला झालाच, तर जवळ असेल तेवढ्यावरच निभवायचं होतं.

हल्ला झाला १८ नोव्हेंबरच्या, रविवारच्या पहाटे. समोरच्या घळींतून वर येणाऱ्या चिनी तुकड्या कंपनीने मागे रेटल्या. मग तोफांचा भडिमार झाला आणि हल्ला पाठीमागूनही आला. एका प्लाटूनच्या मोर्चाकडून दुसरीकडे जाताना मेजर शैतानसिंह जखमी झाले. जवानांनी त्यांना उचलून न्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी आपल्याला एका खडकाआड ठेवून निघून जाण्याचा हुकूम दिला. कंपनीतले ११० हून अधिक जण मारले गेले. काही शत्रूच्या हाती लागले, मोजके माघारी पोहोचले.

आता ऐकणाऱ्यांची बाजूही पाहू. त्याच दोन दिवसांत पूर्वेकडच्या सीमेवर से ला आणि बोमडिला ही ठाणी पडत होती. चहूकडून येणारी प्रत्येक बातमी माघारीची होती. अशा वेळी कोणी येऊन सांगतो की एक अख्खी कंपनी जागची हललीच नाही. सांगणारा स्वतः मात्र जिवंत समोर उभा! पराभवाच्या धुमाळीत अफवाही पिकतात आणि सबबीही. जबाबदार अधिकाऱ्याने ऐकीव गोष्टीची खातरजमा करायलाच हवी, त्यात वावगं काही नाही. पण खातरजमा होईपर्यंत समोरच्या माणसाला काय समजायचं, हा खरा नैतिक प्रश्न आहे. बहुतेक वेळा आपण त्याला भेकड समजून सुरुवात करतो आणि धीराचा पुरावा त्याच्याकडे मागतो. हे उलटं का होत नाही?

पुरावा मिळायला तीन महिने लागले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. खिंडीवर बर्फ साचत गेलं आणि तिकडे कोणी फिरकलं नाही. १९६३ च्या हिवाळ्यात एक लडाखी मेंढपाळ तिथवर पोहोचला आणि त्याने जे पाहिलं ते खाली कळवलं. फेब्रुवारीत शोधपथक वर गेलं. माणसं आपापल्या मोर्चात गोठलेली होती, हत्यारं हातात. मॉर्टर चालवणाऱ्याच्या हातात गोळा होता. जखमींची शुश्रूषा करणाऱ्याच्या हाती इंजेक्शनची सिरिंज होती. मॉर्टरच्या हजारभर गोळ्यांपैकी फक्त सात उरले होते. मेजर शैतानसिंह जिवंत परतलेल्यांनी सांगितलं होतं तिथेच, त्या खडकाशी सापडले. जवानांवर तिथेच लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. मेजरांचं पार्थिव जोधपूरला नेण्यात आलं आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

रेझांग लाची कथा आपण इथे संपवतो. स्मारकं उभी राहतात, दर १८ नोव्हेंबरला फुलं वाहिली जातात, चित्रपट निघतात. ते सगळं योग्यच आहे. पण मला या कथेतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ते मधले तीन महिने वाटतात. त्या काळात परतलेल्या जवानांच्या बोलण्यात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ते नोव्हेंबरात जे सांगत होते तेच फेब्रुवारीत खरं ठरलं. बदल झाला तो फक्त साक्षीदारांत. जिवंत माणसांनी सांगितलं तेव्हा पटलं नाही, मेलेल्यांनी सांगितल्यावर पटलं. आणि बर्फ वितळून वाहून गेलं असतं, मेंढपाळ दुसऱ्या वाटेने गेला असता, तर? तरीही ती माणसं खरंच बोलत असती. आपल्या लेखी मात्र ती आयुष्यभर संशयितच राहिली असती.

मेलेल्यावर विश्वास ठेवणं सोपं असतं. तो काही मागत नाही. त्याला निवृत्तिवेतन नको असतं, त्याची कागदपत्रं अपुरी नसतात, रात्री दचकून उठून तो घरच्यांना जागवत नाही. मुख्य म्हणजे तो प्रश्न विचारत नाही. जिवंत परतलेला मात्र विचारतो: आम्हाला त्या कपड्यांत तिथे कोणी धाडलं? तोफांचा मारा पोहोचत नाही हे ठाऊक असताना त्या जागी आम्ही कशाच्या भरवशावर होतो? या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा विचारणाऱ्यावर संशय घेणं बरं वाटतं, आणि त्याहून बरं वाटतं ते त्याला वगळून हुतात्म्यांना वंदन करणं.

आपल्या महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक थेट धागा आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असं आपण अभिमानाने म्हणतो. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले ते २१ नोव्हेंबर १९६२ ला, म्हणजे रेझांग लाच्या लढाईनंतर तिसऱ्या दिवशी, युद्धबंदी जाहीर झाली त्याच दिवशी. पण यशवंतरावांच्या कारकिर्दीतला मला मोलाचा वाटणारा दिवस वेगळा आहे. २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी पराभवाच्या चौकशीबद्दल संसदेत निवेदन केलं. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केलेल्या त्या चौकशीचा अहवाल त्यांनी खुला केला नाही आणि सरकारने तो अधिकृतपणे आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. तो दोष आहेच. तरीही प्रशिक्षण, साधनसामग्री, सैनिकांना उंचीची व थंडीची सवय होणं, नेतृत्व अशा बाबतींत आपण कमी पडलो, हे एका मंत्र्याने सभागृहात मान्य केलं. शौर्याच्या गौरवाआड त्यांनी उणिवा दडवल्या नाहीत. रेझांग लाच्या जवानांना वाहिलेली ती एक वेगळी आदरांजली होती, असं मी मानतो. कारण उबदार कोट वेळेवर पोहोचला असता तर त्यांच्या शौर्यात काही उणं पडलं नसतं. शौर्याचं कौतुक करताना आपण नकळत टंचाईचंही कौतुक करू लागतो, तिथे सावध राहायला हवं.

विश्वास ठेवायचा याचा अर्थ काहीही ऐकून माना डोलवायच्या, असा नाही. नोव्हेंबर आला की मोबाइलवर रेझांग लाचे संदेश फिरू लागतात. त्यांत शत्रूच्या मृतांचे आकडे ज्याचे त्याचे वेगळे असतात आणि ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. परतलेल्यांच्या साध्या बोलण्यावर संशय घेणारा समाज स्वतः रचलेल्या मोठ्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो! त्या माणसांना फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही. हातातला गोळा आणि उरलेले सात गोळे एवढं पुरेसं आहे. सत्यावर कलाकुसर केली की पुढच्या पिढीला सगळंच खोटं वाटू लागतं, आणि मग तो अविश्वास पुन्हा त्याच जवानांच्या वाट्याला येतो.

सैनिकांची गावं आपल्याकडेही आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, कारण तिथे घरटी सैनिक. अशा गावांत आणि इतर शेकडो गावांत कारगिल, सियाचिन पाहिलेली माणसं आज पारावर बसलेली दिसतात, बँकेच्या दारात पहारा देतात, तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी रांगेत असतात. १५ ऑगस्टला त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवून शाल देतो आपण. पण तेच माजी सैनिक गुडघ्याच्या दुखण्याबद्दल, कमी ऐकू येण्याबद्दल, झोप न लागण्याबद्दल सांगू लागले की टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘हे नोकरीतच झालं कशावरून?’ नियम असतील, कागद लागत असतील. पण त्या प्रश्नाचा सूर आपण कधी तपासला आहे का? चुशूलहून परतलेल्यांना ज्या सुराला तोंड द्यावं लागलं, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे.

येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. निधीला हातभार जरूर लावावा. त्याबरोबर आणखी एक करता येईल. आपल्या ओळखीतल्या एखाद्या माजी सैनिकाला भाषण करायला न लावता, फोटो न काढता, जे सांगावंसं वाटतं ते सांगू द्यावं. त्याची गोष्ट कदाचित शौर्याची नसेल. थंडीची असेल, फाटक्या बुटांची असेल, एखाद्या चुकीच्या हुकमाची असेल, मागे राहिलेल्या मित्राची असेल. मधेच अडवून ‘पण मग तुम्ही कसे वाचलात?’ असं विचारू नये. त्या प्रश्नाचं ओझं तो आधीच वाहत असतो.

हुतात्म्यापुढे मान लववायला फारसं धैर्य लागत नाही, कारण तिथे आपल्याला कोणी जाब विचारत नाही. परत आलेल्याचं पुरतं ऐकून घ्यायला मात्र लागतं. त्याच्या म्हणण्यात आपल्यावरचा ठपकाही असू शकतो, आणि तोही ऐकून घ्यायची तयारी असेल तरच आपल्या वंदनाला अर्थ आहे.